पंचाहत्तरीची यादी



आयुष्याची वर्षे मोजण्याची आपल्याकडील रीत मोठी शिस्तीची आहे. पन्नाशीला वैष्णवी शांत, साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री, आणि या सर्वांवर कळस म्हणजे सहस्रचंद्रदर्शन. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून किंचित अधिक काळ जातो. त्या हिशेबाने हजार पौर्णिमा पुऱ्या व्हावयास सुमारे ८० वर्षे १० महिने लागतात. येत्या फाल्गुनात मला पंचाहत्तर पुरी होतील, तेव्हा माझ्या पदरी ९२७ पौर्णिमा जमा झालेल्या असतील. त्यांपैकी किती मी मान वर करून पाहिल्या, हा प्रश्न वेगळा.

या शांतींमध्ये होम असतो, दाने असतात, दिव्यांनी ओवाळणे असते, जेवणावळ तर असतेच. परंतु ज्याच्यासाठी हा सारा थाट, त्याला ‘बाबा रे, तुझ्या मनात काय राहिले आहे?’ असे विचारण्याचा विधी मात्र त्यांत कोठेही नाही. तो प्रश्न आपण विचारतो, नाही असे नाही. पण फार उशिरा विचारतो. दहाव्या दिवशी, नदीच्या घाटावर, पिंड मांडून झाल्यावर.

माझी आई गेली त्या वेळी पिंडाला कावळा शिवेना. आम्हा बायकांनी घाटावर जाण्याची त्या काळी रीत नव्हती. भावाने घरी परतल्यावर सांगितले ते असे. कावळे झाडावर बसले होते, खाली उतरत नव्हते. मग एकेकाने पुढे होऊन हात जोडले. ‘धाकट्याच्या शिक्षणाचे आम्ही पाहू’ असे एकाने सांगितले. ‘घरातले देव उपाशी ठेवणार नाही’ असे दुसऱ्याने सांगितले. ‘बहिणींना माहेर तोडणार नाही’ असे तिसऱ्याने सांगितले. ऊन चढले, कावळा हलेना. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवविला आणि मंडळी परतली. कावळ्याच्या मनातले मला ठाऊक नाही. परंतु आईच्या पोटची माणसे तासभर अंदाज करीत होती आणि त्यांतील एकही अंदाज तिच्या स्वतःविषयी नव्हता, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. तिला एखादे गाव पाहावयाचे होते काय? काही शिकावयाचे होते काय? विचारणार कोणाला?

इंग्रजीत मरणाला थट्टेने ‘बादली लाथाडणे’ म्हणतात. त्यावरून मरणापूर्वी करावयाच्या गोष्टींच्या यादीला तिकडे ‘बकेट लिस्ट’ असे नाव पडले आणि २००७ साली त्याच नावाचा एक चित्रपट निघाल्यापासून तो शब्द जगभर झाला. मराठीतही २०१८ साली त्या नावाचा चित्रपट आला आणि माधुरी दीक्षित यांनी मराठी पडद्यावर प्रथमच पाऊल टाकले ते त्यात. त्याची कथा मला मोठी अर्थपूर्ण वाटली. एका गृहिणीला एका तरुण मुलीचे हृदय बसविण्यात येते, आणि त्या मुलीने एकविसाव्या वाढदिवसापूर्वी करावयाच्या म्हणून ज्या गोष्टी लिहून ठेवलेल्या असतात, त्या ही गृहिणी एकामागून एक पुऱ्या करीत जाते. म्हणजे पाहा, आमची गृहिणी घराबाहेर पडली तीही दुसऱ्याच कोणाची यादी हातात घेऊन!

गेल्या फाल्गुनात सूनबाईने विचारले, ‘आई, पंचाहत्तरीला काय करू या? कार्यालय आतापासून ठरवावे लागेल.’ मी म्हटले, ‘कार्यालय नको. मला हे वर्ष द्या.’ आणि त्या रात्री वहीचे एक पान काढून मी यादी लिहावयास बसले.

पस्तीस वर्षे शाळेत शिकविण्यात गेली, तेव्हा लिहिण्याचे भय मला नाही. तरी ते पान भरण्यास दोन आठवडे लागले. पहिल्या खेपेस चौदा कलमे उतरली. ती वाचून पाहिली तर त्यांतील नऊ माझी नव्हतीच. नातवाला नोकरी लागावी, मुलीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया सुखरूप व्हावी, भाचीचे लग्न ठरावे. या इच्छा खोट्या नव्हेत. परंतु त्या करणारी मी कोण? आम्हा बायकांना ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारले की आम्ही चटकन घरातल्या माणसांची नावे सांगतो, आणि ऐकणाराही समाधान पावतो. मी ती नऊ कलमे खोडली. मग एक नियम केला: जे माझ्या पायांनी, डोळ्यांनी किंवा हातांनी करावयाचे असेल तेच लिहावयाचे. नियमाच्या कात्रीतून पाच कलमे राहिली. पुढे दोन नवी सुचली. सात झाली.

घरात थोडी कुरबुर झाली. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ययातीची आठवण करून दिली. मुलाचे तारुण्य मागून घेऊनही त्याची तृष्णा शमली नाही, मग या वयात इच्छा वाढवाव्यात की आवराव्यात? प्रश्न रास्त आहे. परंतु ययातीला हवी होती तीच ती सुखे पुन्हा पुन्हा, आणि त्यांचा हिशेब त्याने कोठेही मांडला नव्हता. माझ्या पानावर सात ओळी होत्या आणि पान संपले होते. जे कागदावर मावते त्याची तृष्णा होत नाही, निदान माझा तरी असा समज आहे.

सातांतील एका इच्छेची मुदत मी लिहिण्यापूर्वीच संपली होती. जयपूरहून निघून इंदूर, खांडवा, अकोला, पूर्णा करीत काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस अनेक श्रोत्यांना आठवत असेल. मीटरगेजची गाडी, बेताचा वेग. आमच्या इंदूरकडच्या आणि हैदराबादकडच्या मराठी घरांची ती मोठी दुवा होती. लहानपणी अकोल्यापर्यंत त्या गाडीने गेले होते. पुढचे पूर्णेचे आणि गोदावरीचे खोरे रुळांवरून पाहावे अशी हौस होती. रुंदीकरण होत गेले आणि त्या मार्गावरची ती गाडी इतिहासजमा झाली. तिच्या रुळांचा एक तुकडा मात्र पाताळपाणी ते कालाकुंड या घाटात जपून ठेवला आहे आणि २०१८ च्या डिसेंबरात त्यावर पर्यटकांसाठी गाडी सुरू झाली. श्रावणात तीत बसून आले. धबधबे भरले होते. कालाकुंडच्या फलाटावर पानात बांधून कलाकंद मिळतो, तो आमच्या लहानपणीच्याच चवीचा वाटला. कलमापुढे अर्धी खूण केली.

रावेरखेडीस थोरल्या बाजीरावांची समाधी पाहिली. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या काठी त्या पराक्रमी पुरुषाने देह ठेवला. पुण्यामुंबईची माणसे मुद्दाम वाट वाकडी करून तेथे येतात, आणि आम्ही इंदूरचे लोक ‘जवळच तर आहे, जाऊ केव्हाही’ असे म्हणत जन्म काढतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजीराजांच्या काळी, १८०३ साली, भोसल्यांच्या कुळाचा इतिहास मराठीत भिंतीवर कोरविला आहे. तो पाहावयास पौषात निघावयाचे आहे. तिकिटे हाती आली आहेत, तेव्हा त्याविषयी आज बोलणे योग्य नव्हे.

बडोद्याविषयी मात्र थोडे अधिक सांगितले पाहिजे. आमच्या माजघरात रविवर्म्याच्या सरस्वतीचे छापील चित्र होते. १८९४ साली रविवर्म्याने मुंबईस छापखाना काढला, पुढे तो मळवलीस गेला, आणि तेथून निघालेल्या रंगीत चित्रांनी घराघरातले देव्हारे भरून गेले. आमच्या चित्रातील सरस्वतीच्या पदरावर आईने खरी जर चिकटविली होती. गळ्यात बारीक मणी, मोराच्या पिसाऱ्यावर टिकल्या. त्या काळी पुष्कळ घरी बायका असे करीत. चित्र म्हणजे तसेच असते, अशी माझी दहाव्या वर्षापर्यंत समजूत होती. या चित्राचे मूळ कसे दिसत असेल, हे कुतूहल तेव्हापासूनचे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयामुळे रविवर्म्याची अनेक मूळ तैलचित्रे बडोद्यास आहेत. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात ती सरस्वती आहे, हे मला ठाऊक होते; पण बडोद्यास जाणे झाले ते प्रत्येक वेळी कोणाच्या तरी लग्नासाठी.

या खेपेस केवळ तिच्यासाठी गेले. समोर उभी राहिले आणि प्रथम काहीसा विरसच झाला. पदर साधा होता! जर नव्हती. मग हळूहळू दिसू लागले ते छापील चित्रात कधीच न दिसलेले. खडकामागचा काळोख, पाण्यावरचा मंद उजेड, आणि वीणेवरच्या बोटांचा सांध्यातला किंचित बाक. पाऊण तास उभी होते. पहारेकऱ्याने दोनदा ‘बा, बेसो ने’ म्हणून बाकाकडे बोट दाखविले. रविवर्मा मोठा की छापील प्रतीवर जर लावणारी माझी आई मोठी, याचा निर्णय मी करणार नाही. परंतु आईलाही चित्राशी खेळावयाचे होते, हे मला त्या बाकावर बसल्यावर पहिल्यांदा जाणवले.

नर्मदेची पायी परिक्रमा हे यादीतील सर्वांत मोठे कलम. नदीची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही तट मिळून दुप्पट. नदी सतत उजव्या हाताला ठेवावयाची, ती ओलांडावयाची नाही, आणि शास्त्राप्रमाणे करावयाची तर ३ वर्षे ३ महिने १३ दिवस. डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांचे चित्र दिव्यासमोर धरले आणि ते काही बोलले नाहीत. मुलगा म्हणाला, ‘आजकाल बसने परिक्रमा होते, पंधरा-वीस दिवसांत.’ होते, आणि ज्यांना ती भावते त्यांनी ती अवश्य करावी. परंतु मला परिक्रमेचे पुण्य नको होते. मला नदीच्या बाजूने चालावयाचे होते. तेव्हा ते कलम खोडले आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिले, ‘एक दिवस.’

महेश्वरहून मंडलेश्वर आठ-दहा किलोमीटर. उत्तर तटावरून पूर्वेकडे जावे म्हणजे नदी उजवीकडे राहते आणि परिक्रमेचा नेम मोडत नाही. पहाटे अहिल्याबाईंच्या घाटावरून निघालो, मी आणि नातू. तो दहा पावले पुढे जाई आणि वळून पाही. पुढे त्याने तसे करणे सोडून दिले आणि माझ्या चालीने चालू लागला. सकाळी माग अजून सुरू झालेले नव्हते. वाटेत परिक्रमावासी भेटले, त्यांतील एकाने ‘कितने दिन हुए, माताजी?’ म्हणून विचारले. मी म्हटले, ‘आजच.’ तो ‘नर्मदे हर’ म्हणून हसत पुढे गेला. मंडलेश्वरास पोहोचावयास आम्हाला पाच तास लागले. पुढले चार दिवस मी जिना उतरले नाही.

आता शेवटचे कलम, आणि यादीत ते सर्वांत नीरस दिसत होते. ‘मोडी शिकून आजोबांचा रुमाल वाचणे.’

आजोबा होळकर दरबारात कारकून होते. त्यांच्या कागदांचा एक रुमाल, म्हणजे लाल खारव्यात बांधलेले गाठोडे, घरे बदलता बदलता माझ्या कपाटात येऊन पडले होते. सारे मोडीत, म्हणून कोणी गाठ सोडली नाही. माझ्या पिढीला शाळेत मोडी मिळाली नाही. आमच्या वडिलांच्या पिढीबरोबर ती गेली. गावातल्या एका ग्रंथालयात तिचा वर्ग चालतो असे कळले, आणि वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी मी पहिल्या बाकावर जाऊन बसले. मोडी ही घाईच्या माणसांची लिपी. प्रथम कागदभर आडव्या रेघा ओढून घ्यावयाच्या आणि मग लेखणी शक्य तो न उचलता अक्षरे त्यांना टांगीत जावयाचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने ओळखावयाचे. शिक्षिका म्हणून मी जन्मभर ज्या गोष्टींसाठी मुलांचे गुण कापले, त्या सर्व मोडीत चालतात! चार महिन्यांनी अडखळत वाचू लागले.

रुमालात बहुतेक कीर्दीचे कागद होते. जोंधळे, तूप, धोबी, सरपण. ‘साष्टांग नमस्कार विनंति विशेष’ने सुरू होणारी नातलगांची पत्रे. त्यांतच आश्विन वद्य ५ शके १८४२ चे, म्हणजे १९२० च्या दिवाळीपूर्वीचे, ग्वाल्हेरचे एक पत्र निघाले. आजोबांच्या बहिणीच्या सासरहून आलेले. ही माझी आत्याआजी. तिला मी पाहिलेले नाही. पत्र तिच्या सासऱ्यांनी लिहिविलेले, वळणदार मोडीत. इकडील वर्तमान क्षेम, पाऊसपाणी बरे, सूनबाई सुखरूप. सारे रीतसर. आणि त्याखाली, कागदाच्या अगदी कडेला, दोन ओळी बाळबोधीत. अक्षर वाकडे, शाई वेगळी. ‘दादास विनंति, भाऊबीजेस न्यावयास यावे. पाच वर्षे झाली.’

त्या दोन ओळी वाचावयास मोडी यावी लागत नव्हती. तिसरीतल्या मुलाने वाचल्या असत्या. परंतु गाठोडे मोडीचे, म्हणून शंभर वर्षे त्या तशाच राहिल्या.

मी त्या वर्षीची कीर्द काढून कार्तिकाची पाने पाहू लागले. तेल, फटाके, पणत्या, रांगोळी. रेल्वेभाडे कोठे सापडेना. त्या काळी ग्वाल्हेर म्हणजे गाड्या बदलीत जाण्याचे गाव, दरबारची रजा मिळणेही सोपे नसावे. मग एक ओळ दिसली: ‘ग्वाल्हेरीस मनिऑर्डर, भाऊबीज, रु. ५.’ पाच रुपये तेव्हा थोडे नव्हते. आजोबांनी बहिणीला विसरून टाकले असे म्हणता येणार नाही. पण ते गेले नाहीत. पुढील वर्षाच्या कागदांत तिच्या हातची ओळ नाही.

यादीत मग आठवे कलम लिहिले. पान भरले होते, समासात लिहिले.

लग्नकार्यांतून ज्यांना सर्वांचे पत्ते पाठ असतात अशी माणसे प्रत्येक घराण्यात असतात. त्यांच्या द्वारे दोन महिन्यांत शोध लागला. आत्याआजीची एक नात लश्करातच दिलेली आहे, वय वर्षे ब्याऐंशी. भाऊबीजेला एका बहिणीने दुसऱ्या बहिणीच्या घरी जाऊन काय करावयाचे? म्हणून धाकट्या भावाला बरोबर घेतले. तोही आता सत्तरीचा. रात्रीच्या गाडीने गेलो आणि त्या ताईंनी पाट मांडून त्याला ओवाळले. आपण नक्की कोण कोणाचे लागतो याचा हिशेब जेवताना तिघांनी तीन प्रकारे केला.

जेवणानंतर मी पत्र काढून त्यांच्या हाती दिले. मोडीचा भाग वाचून दाखविला. खालच्या ओळी त्यांनी स्वतः वाचल्या. पुष्कळ वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘आजीला लिहिता येत नव्हते. घरच्या सगळ्या कागदांवर तिचा अंगठा आहे. आम्ही सगळे तसेच समजत होतो.’ पुन्हा त्यांनी तो कागद डोळ्यांजवळ धरला. ‘हे कोणाचे अक्षर, मग?’

मूळ पत्र मी तेथेच ठेवले. छायाप्रत माझ्याकडे आहे. निघताना यादीची गोष्ट सांगितली, तेव्हा ताईंनी सुनेकडे कागद मागितला. पहिली ओळ त्यांनी माझ्यादेखत लिहिली: आजीचे इंदूरचे घर पाहणे. मी सांगितले की वाडा आता नाही, तेथे चार मजली इमारत उभी आहे. गल्ली तीच आहे आणि कोपऱ्यावरचे मारुतीचे देऊळ तेच आहे. त्या म्हणाल्या, ‘गल्ली चालेल.’ चैत्रात, परीक्षा आटोपल्यावर, त्यांचा नातू त्यांना घेऊन येणार आहे.